निळ्यावरून मागे फिरायची रीत

मलाक्का,
३ सप्टेंबर १९९६

दिवंगत श्री. बून किआट यांस,

तुम्ही जिच्याबरोबर राहता त्या आह लानचं पत्र मिळालं. अक्षर बरं आहे तिचं. सुकी मासळी विकणाऱ्या बाईला इतकं वळणदार अक्षर कशाला लागतं, कोण जाणे. ती लिहिते की तुमची दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत, डॉक्टर आता महिन्यांच्या हिशेबात बोलतात, आणि तुम्हाला तुमचा पांढरा जोड हवा आहे.

पांढरा जोड म्हणजे तोच ना, लग्नाच्या सकाळी केस विंचरायला बसताना अंगात घालतात तो? एकदा तेव्हा घालायचा, मग घडी करून पेटीच्या तळाला ठेवायचा, आणि दुसऱ्यांदा घालायचा तेव्हा घालणाऱ्याला काही कळत नसतं. एकवीस वर्षांत तुमच्याकडून एक ओळ आली नाही, आणि आता आली ती मरायचे कपडे मागायला. हे वाचून मला राग आला, की रडू, की दुकानात गिऱ्हाईक उभं होतं म्हणून नुसतीच घाई झाली, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही.

पण अडचण अशी आहे की तुम्ही मेलेले आहात. हे मी तुम्हाला कळवायला हवं होतं, राहून गेलं. १९७५च्या मे महिन्यात तुम्ही सामुद्रधुनीत बुडालात. गल्लीत कुणालाही विचारा. टेकडीवर तुमची कबर आहे, तुमच्या भावानं बांधली, चांगली आहे. शरीर सापडलं नाही म्हणून रीतीप्रमाणे कपडे पुरायचं ठरलं. भाऊ तुमचा पांढरा जोड मागत होता. मी त्याला निळ्या रेघांचा पायजमा दिला, कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून. दर वर्षी पितरांच्या दिवशी तुमचं सगळं खानदान उन्हात घामाघूम होत टेकडी चढतं आणि त्या पायजम्यापुढे डोकं टेकवतं.

पांढरा जोड का दिला नाही, ते विचारू नका. कापड चांगलं होतं, एवढंच.

आता मुद्द्याचं. बी सुआनचं लग्न ठरलं आहे, ८ डिसेंबरला. तुम्ही गेलात तेव्हा चार वर्षांची होती, आता पंचविशीची आहे आणि माझ्यापेक्षा उंच. मुलगा केंग हुआट, बँकेत असतो, कान मोठे, स्वभाव गरीब. दोघांना सगळं जुन्या पद्धतीनं हवंय. आमच्या काळी आम्ही नाक मुरडत जे केलं ते आता यांना हौसेनं करायचं असतं. लाल रेशमी अंगरखा, सोन्याच्या जरीचे पक्षी, डोक्यावर सोन्याच्या पिनांचं जंगल.

रीत तुम्ही विसरला असाल म्हणून लिहिते. बाप गेला की मुलीनं शंभर दिवसांत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. शंभर दिवसांत उरकलं तरी लाल नाही आणि सोनं नाही. म्हणजे माझ्या मुलीला लाल घालायचं असेल तर तुम्ही एक तर एकवीस वर्षांपूर्वी मेलेले असायला हवेत, किंवा आठ डिसेंबरनंतर मरायला हवं. मधे जागा नाही.

तुम्हाला हे सांगून उपयोग कितपत, देव जाणे. लाल आणि हिरवा तुम्हाला जन्मात कधी वेगळे दिसले नाहीत. आपल्या लग्नात मी नखशिखांत लाल होते आणि तुम्ही माझ्या कानाशी वाकून म्हणालात, "हिरवा तुला शोभतो." हिरवा म्हणजे सुतकाचा शेवटचा रंग. मी तो अपशकुन मानायला हवा होता, पण मला हसू आलं.

तेव्हा मेहेरबानी करून डिसेंबरपर्यंत औषधं वेळेवर घ्या.

तुमची विधवा,
ग्योक सिम


मलाक्का,
२२ सप्टेंबर १९९६

दिवंगत श्री. बून किआट यांस,

तुम्ही आह लानच्या हातून विचारलंत, "मी मेलो कसा?" प्रश्न रास्त आहे. ज्याचं मरण त्याला माहिती असावी.

तुमची चिठ्ठी मंगळवारी सामुद्रधुनीपलीकडून आली. 'दुमाईला राहतो आहे. वाट पाहू नकोस.' चिठ्ठी मी पिठाच्या डब्याखाली ठेवली. त्याच आठवड्यात माझी मोठी मावशी वारली होती, तिचं सुतक म्हणून माझ्या कमरेला काळा सारोंग, वर पांढरा केबाया आणि केसांत चांदीच्या पिना होत्या. गुरुवारी बाजारात गेले तर बातमी पसरलेली, दुमाईच्या वाटेवर मालाची एक बोट बुडाली. तुम्ही मालाच्या बोटीनं गेलात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात समोरून आमच्या गल्लीतली वडीलधारी बीबिक च्वी आली. तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. काळं. पांढरं. चांदी. तिच्या हातातली पिशवी खाली पडली, खेकडे सुटले, आणि ती माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.

तिला 'मावशी' म्हणून सांगायला मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात मला दिसलं की सगळा बाजार माझ्याकडे बघतोय आणि त्या बघण्यात मान आहे. मासेवाल्यानं टोपी काढली होती. टाकलेल्या बायकोसाठी मासेवाला टोपी काढत नाही, बून किआट. मी तोंड मिटलं. मी एक अक्षरही खोटं बोलले नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मी फक्त कपडे बदलले नाहीत. मावशीचं सुतक संपलं, तुमचं चालू राहिलं. एक वर्ष काळं, मग निळं, मग हिरवं. मण्यांच्या चपलासुद्धा त्या त्या रंगाच्या, स्वतः विणलेल्या. लोक म्हणायचे, सुतक पाळावं तर ग्योक सिमनं.

तुमचा फोटो देव्हाऱ्यात तुमच्या भावानं लावला. मी फक्त रोज उदबत्ती लावते. जिवंत माणसाला एकवीस वर्षं उदबत्ती मिळाली तर त्याच्या मूत्रपिंडांना ती बाधते का, डॉक्टरांना विचारून बघा.

आता दुसरा घोळ ऐका. माझा धंदा तुम्हाला ठाऊक नसेल. अर्ध्या मलाक्काच्या नवऱ्या माझ्या दुकानातले कपडे भाड्यानं नेतात. कुठला रंग कुठल्या दिवशी, कुठली चप्पल कुठल्या सारोंगखाली, हे मला विचारल्याशिवाय पान हलत नाही. पण आजवर एकाही नवरीच्या अंगावर मी कपडा चढवलेला नाही. दारातून देते आणि मागे सरते. विधवेचा हात नवरीला लागायचा नाही.

काल बी सुआन म्हणाली, "माक, माझे केस तू विंचरायचेस."

बीबिक च्वी तिथंच बसून सुपारी कातरत होती. पांढऱ्या जोडातल्या नवरीच्या केसांतून चार वेळा फणी फिरवायचा मान तिचा, गल्लीतल्या प्रत्येक लग्नात. तिचा नवरा ब्याऐंशीचा आहे.

"खुळी का काय तू?" बीबिक म्हणाली. "नवरा जिवंत असलेल्या बाईनं विंचरायचं असतं."

"तुमच्या त्यांना तर ऐकूही येत नाही, बीबिक. काल मला टपालवाला समजले."

"ऐकू येणारा असावा असं कुठं म्हटलंय? श्वास चालतो. तेवढा पुरतो."

"आणि माकनं विंचरलं तर?"

"तर तुझ्या त्या मोठ्या कानांच्या पोराचं काय होईल ते मला विचारू नकोस."

बी सुआन माझ्याकडे बघत राहिली. मी मणी ओवत होते. लाल मण्यांच्या ओळीत दोन हिरवे ओवले गेले, ते नंतर उसवावे लागले.

तुमचा श्वास चालतो. म्हणजे माझा हात चालतो. पण तसं म्हणायला गेले तर तुम्हाला आधी जिवंत करावं लागेल, आणि तुम्हाला जिवंत केलं की मी कोण? काल दुपारभर ह्याच एका गाठीत अडकून होते.

तुमची विधवा, की जे काही असेल ते,
ग्योक सिम


मलाक्का,
१७ ऑक्टोबर १९९६

श्री. बून किआट यांस,

आह लान फटकळ आहे. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरी बाई दिसते. ती लिहिते, "ताई, एक ओळ आली नाही असं तुम्ही कसं म्हणता? १९७६ साली यांनी तीन पत्रं टाकली. मीच तिकिटं आणून दिली. तिन्ही परत आली, वर 'मयत' लिहून."

बरं. आली होती.

पहिलं पत्र मी न उघडताच परत केलं. दुसरं वाफेवर उघडलं, वाचलं, परत चिकटवलं आणि परत केलं. त्यात तुम्ही लिहिलं होतं की चुकलं, यावं का. तिसरं उघडायची हिंमत झाली नाही. त्यात 'येतो' असेल अशी भीती होती, आणि 'येत नाही' असेल अशीही.

तेव्हा मी निळ्यापर्यंत पोचले होते. हे तुम्हाला समजावून सांगायचं कसं? काळ्यातून निळ्यात जायची रीत आहे, निळ्यातून हिरव्यात जायची आहे, हिरव्यातून परत लालात यायचीही आहे. प्रत्येकीचा दिवस ठरलेला, पूजा ठरलेली. निळ्यावरून मागे फिरायची रीत मला कुणी शिकवली नव्हती. बाजारात जाऊन काय म्हणणार होते मी? मासेवाल्याला टोपी परत घालायला सांगणार होते?

म्हणून तुम्ही मेलेलेच राहिलात. बी सुआननं पाचव्या वर्षी विचारलं, "पा कुठं आहेत?" तेव्हा तुमच्या आईनं तिला टेकडी दाखवली. मी काही बोलले नाही. न बोलण्यात मी आता तरबेज झाले होते.

तिला तिकडे पाठवा असं तुम्ही म्हणता. सात आठवडे राहिलेत लग्नाला. सांगितलं तर ती माझ्याशी बोलेल की नाही, ठाऊक नाही. नाही सांगितलं तर तुम्ही खरंच जाल आणि ती लाल घालून हसत फोटो काढत असेल, आणि तिच्या आयुष्यात तिला हे कधीतरी कळेल. रंगाच्या बाबतीत सगळं गाव मला विचारायला येतं. हे मी कुणाला विचारू?

ग्योक सिम


मलाक्का,
९ नोव्हेंबर १९९६

श्री. बून किआट यांस,

हे पत्र घेऊन येणारी मुलगी तुमची आहे.

दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं. तिला लाल अंगरखा घालून स्टुलावर उभी केली होती, मी खाली बसून काठाला टाचण्या लावत होते. तोंडात टाचण्या असल्या की बोललेलं थोडं कमी वाटतं. सांगून झालं तेव्हा ती हलली नाही. काठ सरळ आला.

मग म्हणाली, "मी चौथीत असताना त्या कबरीपुढे परीक्षेसाठी नवस बोलले होते. तिथं खाली कोण होतं?"

"पायजमा."

"कसला पायजमा?"

"निळ्या रेघांचा."

ती हसायला लागली. हसता हसता स्टुलावरच खाली बसली, टाचण्यांसकट, आणि मग ते हसणं राहिलं नाही. म्हणाली, "माक, तू मला दुःख शिकवलंस, तेसुद्धा खोटं." त्यानंतर अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. मीठ हवं असलं तर जेवायला आलेल्या केंग हुआटला सांगायची, तो बिचारा दोन हातांवरच्या मिठासाठी मला विचारायला यायचा. बाराव्या दिवशी तिनं बोटीचं वेळापत्रक विचारलं. परलोक इथून दोन तासांवर आहे आणि दिवसाला दोन फेऱ्या असतात, हे तिला बंदरावरच्या बाईनं सांगितलं.

तिच्या पिशवीत पांढरा जोड आहे. एकवीस वर्षं दर पावसाळ्यानंतर उन्हात घातलाय, कसर लागू दिलेली नाही. गळ्याशी एक गुंडी निसटली होती ती परवा लावली. तुम्ही बारीक झाला असाल तर आह लानला म्हणावं, मागून दोन टाके घाल.

अंगरख्याच्या कापडाचा तुकडाही पाठवलाय. तुम्हाला तो कोणत्या रंगाचा दिसेल ते मला माहीत आहे, तरी बघा.

तिला रागावू देत. ती रागावली तर ऐकून घ्या. मला जमलं नाही.

ग्योक सिम


मलाक्का,
२६ नोव्हेंबर १९९६

श्री. बून किआट यांस,

ती चार दिवसांसाठी गेली आणि नऊ दिवसांनी आली. तिथलं काही सांगत नाही. एवढंच म्हणाली, "पा हसताना तोंड वाकडं करतात. माझ्यासारखं." आणि मग, "कापड बघून म्हणाले, छान हिरवा आहे. मी त्यांना काही बोलले नाही."

मला तुमच्याविषयी एवढंच पुरलं.

ती आली त्याच दुपारी मी बीबिक च्वीकडे गेले. तिचा नवरा खुर्चीत पेज पीत होता.

"बीबिक, बून किआट मेलेला नाही."

"हं. कुणीच मरत नाही, पितर आपल्यातच असतात."

"दुमाईला असतो. बाईबरोबर. सुक्या मासळीचं दुकान आहे."

तिनं सुपारी कातरायची थांबवली. "मग मी दर वर्षी त्याच्या नावानं तांदळाच्या पिठाचे आंगकू करून देते ते?"

"गोड असतात, बीबिक. वाया नाही गेले."

"खाल्ले कुणी?"

"उदबत्ती विझली की तुमचे हेच येऊन खायचे."

तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्याला प्रथमच काहीतरी ऐकू आलं असावं. मग तिनं मला जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. अर्धा तास. बाजारात सुटलेल्या खेकड्यांचासुद्धा विषय निघाला. शेवटी दमली, पाणी प्यायली, आणि बोटं मोजत बसली. तिचं असं आहे, माणसांवर ती रागावते, पण रीत म्हटली की ती न्यायाधीश होते.

"नवऱ्याचा श्वास चालतो?"

"चालतो."

"सोडचिठ्ठी?"

"नाही."

"मग तू विंचर. हक्क तुझा आहे, तू नालायक असलीस तरी. पण आठ तारखेच्या सकाळपर्यंत त्याला मरू देऊ नकोस. मेला तर फणी माझ्या हातात द्यायची, तिथल्या तिथं."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. मासेवाल्यानं परवा मला शिळा मासा दिला, मी गुपचूप घेतला. दोन लग्नांचे कपडे ठरलेले होते ते मोडले. तुमचा भाऊ येऊन विचारून गेला की आता त्या पायजम्याचं काय करायचं, मी त्याला चहा दिला. केंग हुआटची आई म्हणाली, "पळालेल्यापेक्षा मेलेला बाप बरा होता." केंग हुआट पहिल्यांदाच तिच्यापुढे बोलला, "मी बापाशी लग्न करत नाहीये." कानांपर्यंत लाल झाला होता, आणि ते कान म्हणजे बरंच झालं.

तेव्हा माझं गेलं ते गेलं. राहिलंय ते एवढंच, माझ्या मुलीच्या केसांतून चार वेळा फणी. त्यासाठी मला तुमच्याकडून बारा दिवस हवे आहेत. तुमच्याकडून मी कधी काही मागितलं नव्हतं.

तुमची बायको,
ग्योक सिम


मलाक्का,
१० डिसेंबर १९९६

दिवंगत श्री. बून किआट यांस,

हा मायना पहिल्यांदाच बरोबर पडला.

रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. मी स्वयंपाकघरात होते. बी सुआननं घेतला.

"कोण गं?"

"फुलवाला. किती वाजता आणू म्हणतोय."

"सांग, नवाला."

"सांगितलं."

आठ वाजता ती पांढऱ्या जोडात समोर येऊन बसली, सुपात ठेवलेल्या तांदळाच्या मापावर, पाठ माझ्याकडे करून. बीबिक च्वी शेजारी उभी, फणी तबकात धरून, चेहरा कस्टम अधिकाऱ्यासारखा. फणी माझ्या हातात देण्याआधी तिनं विचारलं, "चालतोय ना?" मी म्हटलं, "शुक्रवारी आह लानशी बोलले. चालतोय." बी सुआनच्या मानेवरचा एक स्नायू हलला. मला वाटलं, थंडी वाजते.

मी पहिल्यांदा फणी फिरवली. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती हलक्या आवाजात म्हणाली, "माक, सावकाश." चौथ्यांदा मी इतकी सावकाश फिरवली की बीबिक खाकरली. मुलीच्या डोळ्यांतलं पाणी पांढऱ्या कापडावर पडत होतं. "रडू दे," बीबिक म्हणाली, "चांगलं असतं." एकवीस वर्षं मी दारातून कपडे देऊन मागे सरत आले. त्या चार वेळांत मी कुठेही मागे सरले नाही.

मग लाल अंगरखा चढला, सोनं चढलं. चपला मात्र ती स्वतः घालते म्हणाली. "तू वाकू नकोस, माक, तुझे गुडघे दुखतात." माझे गुडघे तिला आठवले म्हणून मला बरं वाटलं.

चहा द्यायच्या वेळी ती माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली. झगा मागे सरकला. झग्याखाली मी तिच्यासाठी सात महिने विणलेल्या लाल चपला नव्हत्या. निळ्या होत्या. निळे, पांढरे आणि थोडे काळे मणी, टाचेशी एक मणी निघालेला. १९७६ साली मी तुमच्या सुतकात विणल्या होत्या त्या, दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर असतात. तिचा आणि माझा पाय एकाच मापाचा आहे, हे मला तेव्हा कळलं.

त्या खोलीत चाळीस बायका होत्या आणि त्या चपला वाचता येत नाहीत अशी एकही नव्हती. मी पाय पुढे केला आणि झग्याचा काठ तिच्या टाचेवरून ओढून घेतला.

"कधी?" मी ओठांनीच विचारलं.

"सकाळी."

"विंचरायच्या आधी?"

"माक," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "चहा निवतोय."

मी चहा घेतला. तिनं माझ्यासाठी तुम्हाला दीड तास जिवंत ठेवलं. मी तर तुम्हाला एकवीस वर्षं मेलेलं ठेवलं होतं. ही माझीच मुलगी आहे की माझी शिक्षा, की माझी सुटका, चहा संपेपर्यंत मी हेच बघत होते तिच्या चेहऱ्यावर. तिनं तोंड जरा वाकडं करून हसल्यासारखं केलं.

संध्याकाळी मी दुमाईला फोन केला. आह लान म्हणाली की सहा वाजता गेलात, जोड घातला, ढगळ झाला, मागून टाके घातले. मग म्हणाली, "ताई, मी काय घालू? आमचं लग्न काही झालेलं नव्हतं." एकवीस वर्षांत मला कुणी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "काळं घाल. वर्षानं निळं, मग हिरवं. घाई करू नकोस. निळं लवकर अंगावरून उतरत नाही." ती रडली. मी फोन ठेवला नाही.

बी सुआन काल नवऱ्याबरोबर गेली. निळ्या चपला पिशवीत टाकून नेल्या, त्याला सगळं सांगितलंय म्हणते. बीबिक च्वीला अजून माहीत नाही. विधवेच्या हाताची फणी फिरली खरी, पण हाताला ते ठाऊक नव्हतं. मग दोष लागतो का? अशा वेळी विचारावं अशी बाई एकच आहे आणि तिलाच विचारता येत नाही. केंग हुआटला आज सकाळी फोन करून मी उगीचच विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, "माक, आत्ता सात वाजलेत."

आज सकाळी पेटी उघडून उभी राहिले. काळा सारोंग वरच होता. तुमची तीन वर्षं माझी एकदा पाळून झाली आहेत, ती जमेला धरतात की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, हे ठरेना. पेटी तशीच उघडी आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली. रविवारी मी लाल केबाया घातला होता, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. बीबिकनं हक्क दिला होता म्हणून घातला. सकाळी सहापासून तो हक्क माझा नव्हता, आणि दिवसभर मी तो लाल मिरवत, पाहुण्यांना वाढत, फोटोत उभी राहत फिरले. रात्री तो काढून घडी घातली. मग आठवलं, तुम्ही कुठून बघत असलात तर तुम्हाला तो हिरवाच दिसला असेल.

ग्योक सिम